भरदुपारचं शून्य

सर्वपित्री अमावास्येच्या दुपारी करंजढवची निम्म्याहून अधिक माणसं छपरांवर होती, आणि मुळे सर एसटी स्टँडच्या गच्चीवर उभे राहून हातातल्या मोबाइलकडे बघत चरफडत होते.

पडद्यावर गावाचा नकाशा होता. प्रत्येक सौर पॅनेल म्हणजे एक हिरवा ठिपका. एरवी भरदुपारी नकाशा पालवी फुटल्यासारखा दिसायचा. आज मात्र तेलघाण्याच्या छपरावरचे ठिपके विझत होते, बाजार समितीच्या पत्र्यावरचे विझत होते, शाळेवरची तर अख्खी ओळ काळी पडली होती. थोड्या वेळानं ते पुन्हा पेटत आणि शेजारचे विझत. भर उन्हात गावाच्या डोक्यावर काजवे चमकावेत तसा तो प्रकार होता.

"सुंदराबाई, निदान भात तरी ठेवू नका हो पॅनेलवर. काचेवर डाग पडतात."

सुंदराबाई लोंढे स्टँडसमोर खाणावळ चालवायच्या. त्यांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. "मग कुठं ठिवू? सासूबाई काय तुमच्या मोबाइलात बसल्यात व्हय?"

"कठड्यावर ठेवा."

"कठड्यावर शिवला कावळा, तर त्यो कुणाचा म्हनायचा? हितं शिवला म्हंजी आमच्याच म्हातारीचा." त्यांनी पान नीट सरकवलं. "आन तुमी गप हुबं ऱ्हावा बगू जरा. तुमाला बगूनच कावळं यीनात. शाळंत हुता तवापासनं भ्यात्यात."

कावळा आला. शिवला. सुंदराबाईंनी पान उचललं, तांब्यातल्या पाण्यानं पॅनेल धुतलं, कोरड्या फडक्यानं लख्ख पुसलं आणि मग धुतलेलं जाड धडपं त्यावर पसरून वर दोन्ही हात ठेवले. ओठ पुटपुटले. मुळे सरांच्या हातातला ठिपका काळा झाला. मग त्यांनी धडपं काढलं, पॅनेलला नमस्कार केला आणि खाली जाताजाता म्हणाल्या, "ऱ्हायला का तुमचा हिशोब? घ्या आता. म्हातारीनं जेवल्यावर कवा काम टाळलं न्हाई."

हे काही आजच्या दिवसापुरतं नव्हतं. वर्षभर, रोज, नैवेद्याच्या वेळी गावातलं कुणी ना कुणी आपापल्या माणसाच्या पॅनेलपाशी जायचं. त्याला आंघोळ घालायची, आणि आंघोळ घातली की अंग झाकायचं, म्हणून क्षणभर कापड पांघरायचं. सरांनी प्रत्येक जिन्याच्या तोंडाशी सूचना लावली होती: 'पॅनेलला हात लावू नये. हळदकुंकू वाहू नये. कापड टाकू नये. पुसण्यासाठी यंत्र आहे.' त्या सूचनेच्या पाटीलाच कुणीतरी हळदकुंकू वाहिलेलं होतं.

*

या सगळ्याची सुरुवात झाली ती आठ वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्यात. 

त्या उन्हाळ्यात वीज जायची ती दिवस दिवस यायची नाही. उन्हाच्या झळांनी रस्त्यावरचं डांबर सुटलं होतं. सरांची पत्नी प्रमिला ही नगर वाचनालयाची ग्रंथपाल होती. वाचनालयाच्या भिंती जाड, म्हणून गावातली म्हातारी माणसं दुपारची तिथे येऊन बसायची आणि त्यांच्यासाठी प्रमिलाबाई सुट्टीच्या दिवशीसुद्धा दार उघडं ठेवायच्या. एका दुपारी पुस्तकांच्या देवघेवीच्या टेबलाशीच त्या कोसळल्या. उष्माघात. सरांनी त्यांना रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं तर तिथले पंखे थांबलेले, बर्फ संपलेला. नर्स वहीच्या पुठ्ठ्यानं वारा घालत होती. वर आभाळातून माणसं भाजून काढण्याएवढी शक्ती ओतली जात होती आणि खाली एक पंखा फिरवण्यापुरती शक्ती नव्हती. तीस वर्षं मुलांना भौतिकशास्त्र शिकवलेल्या माणसाला ही विसंगती विसरता येईना.

शोकसभेत सर बोलायला उभे राहिले. आधीच बुजरे, त्यात तो प्रसंग. त्यांना प्रमिलाबाईंविषयी एक शब्द बोलता आला नाही. ते खिशातून कागद काढून दवाखान्याच्या छपराचं क्षेत्रफळ वाचू लागले. लोक चमकले. मग तेलघाण्याचे मल्लिनाथ शेटे उठले आणि म्हणाले, "सर, माझ्या घाण्याचं छप्पर याच्या दुप्पट आहे. ते पण लिहा."

त्यातून सूर्यभिशी निघाली. बायका भिशी लावतात तशीच. फक्त जिचा नंबर लागेल तिच्या घरी पैसे जाण्याऐवजी गावातल्या एका छपरावर पॅनेल चढायचं. आधी दवाखाना, मग शाळा, एसटी स्टँड, पिठाच्या गिरण्या, बेकरी, बाजार समिती. वीज सगळ्यांची. पण करंजढवात देवळाच्या पायरीपासून शाळेच्या बाकापर्यंत काहीही कुणाच्या तरी स्मरणार्थच असतं. पॅनेल तरी त्यातून कसं सुटणार? बाकीच्या गावांत पॅनेलला क्रमांक होते. इथे नावं होती. कै. अमुक, मर्हूम तमुक.

एक अडचण मात्र आली होती. पॅनेलचं तोंड दक्षिणेला करावं लागतं हे कळल्यावर कुरबूर सुरू झाली. दक्षिण यमाची. सरांनी फळ्यावर पृथ्वी काढून सूर्य वर्षभर कुठून कसा जातो ते समजावलं, पण कुणाला पटेना. शेवटी सुंदराबाईच म्हणाल्या, "आवो, गेलेल्या मानसांचीच नावं लावायची ना? मग दक्षिणच बराबर हाय की!" प्रश्न तिथेच मिटला. सरांना मात्र आपण हरलो की जिंकलो ते समजलं नाही.

सरांनी सगळं तांत्रिक काम अंगावर घेतलं ते काही भक्तीनं नव्हे. त्यांच्या मनात एकच होतं: या सूर्याला सोडायचा नाही. त्यानं जे नेलं ते परत मिळणार नाही, पण निदान त्याला गावाच्या चाकरीला जुंपायचा. प्रत्येक पंखा, प्रत्येक शीतपेटी त्याच्याकडून फिरवून घ्यायची.

त्यांची मुलगी मृण्मयी तेव्हा कॉलेजात होती. दिवसकार्य झाल्यावर ती म्हणाली होती, "बाबा, आईच्या नावाचं पॅनेल वाचनालयावर लावू या ना." आणि सर म्हणाले होते, "नावानं वीज तयार होत नाही."

एवढंच वाक्य. पण पुढची सगळी वर्षं ते दोघांच्या मध्ये उभं होतं. मृण्मयी पुण्याला गेली, तिथून पुढे परदेशी, आणि शिकली काय, तर सूर्यच. परत येऊन एका संशोधन संस्थेत लागली. दर रविवारी फोन यायचा. "जेवलात?" "हो. तू?" "हो." कधीकधी पावसाविषयी एखादं वाक्य जास्त.

तिला ठाऊक नव्हतं, गावात कुणालाच ठाऊक नव्हतं, की भिशीत सरांचा नंबर लागला तेव्हा त्यांनी वाचनालयाच्या छपरावर, खाली जिथे देवघेवीचं टेबल आहे बरोबर त्याच्या वर, एक पॅनेल चढवलं होतं. नावाची जागा कोरी ठेवली होती, आणि भिशीची वही त्यांच्याकडेच असल्यानं त्यातही नुसतं 'वाचनालय' एवढंच लिहिलं होतं. स्वतःच लावलेली सूचना ते स्वतः कसोशीनं पाळत. त्या पॅनेलला त्यांनी एकदाही बोट लावलं नव्हतं. पाहणीला गेले की ते छत्री मिटून, लांबून वळसा घालून जात. आपली सावली पडू नये म्हणून.

*

अमावास्येनंतरच्या रविवारी मृण्मयीचा फोन आला, पण "जेवलात?" आलं नाही.

"बाबा, तुम्ही लोक पॅनेलना नक्की काय करता?"

"का गं?"

"रोज दुपारी तुमचं एकेक पॅनेल काही क्षण पूर्ण काळं पडतं. अगदी ठार शून्य. आणि त्याच्या आधी स्वच्छ झालेलं असतं. पाच-सहा वर्षं हेच चाललंय."

"मी सांगून थकलो गं त्यांना. सूचना लावल्यात. भात काय, धडपी काय. भिशीच्या समितीत विषय घेतो आता, बंदच करतो सगळं."

"बंद?" ती इतक्या जोरात ओरडली की सरांनी मोबाइल कानापासून लांब धरला. "बाबा, खबरदार काही बंद केलंत तर! मी उद्या निघते."

ती आली. उन्हानं रापलेली, पाठीला पिशवी, डोक्यात एकदोन पांढरे केस. आईसारखंच चप्पल काढून आधी पाय धुवायला गेली. सर दारातच उभे राहिले. तिनं त्यांच्या हातावर नुसता हात ठेवला आणि म्हणाली, "संध्याकाळी वाचनालयात सभा बोलावता येईल? सगळ्यांना सांगायचंय."

वाचनालय भरून गेलं. पंखे फिरत होते; ते दिवसभर साठवलेल्या सूर्यावरच. देवघेवीच्या टेबलावर अजून प्रमिलाबाईंच्या वेळचंच हिरवं कापड होतं, कडेला शाईच्या डागांचं. त्यावर संगणक ठेवून मृण्मयी बोलू लागली. तिला बापाचा बुजरेपणा नव्हता, पण शब्द शोधताना चष्मा पुसायची सवय त्याचीच होती.

"तुमच्या प्रत्येक पॅनेलच्या कोपऱ्यात एक टिकली आहे," ती म्हणाली.

ती बारीक काळी चकती सगळ्यांना ओळखीची होती. कुणाच्या पॅनेलनं आज किती वीज दिली ते त्या टिकलीमुळे मोबाइलवर कळायचं. 'आज आबा जरा मंद आहेत' असं लोक बोलायचे ते तिच्याच भरवशावर.

"ही टिकली फार बारीक मोजते. दहा लाखांत एकाचा फरक पडला तरी तिला जाणवतो. देशभरात अशी हजारो गावं झाली, तशी आम्हाला एक कल्पना सुचली. समजा एका छपरावरचा उजेड कमी झाला, तर तो ढग. कारण ढग एका वेळी एकाच छपरावर येतो. पण सगळ्या देशातल्या सगळ्या छपरांवरचा उजेड एकाच क्षणी, अगदी केसभर, कमी झाला तर?"

"तर सूर्यच कमी झाला," मल्लिनाथ शेटे म्हणाले.

"बरोबर. सूर्य शांत नाही, काका. तो घंटेसारखा सतत वाजत असतो. त्याच्या पोटात लाटा उठतात, त्यानं तो किंचित फुगतो, किंचित आक्रसतो. वरच्या थरांतली थरथर शास्त्रज्ञांना पूर्वीपासून ठाऊक आहे. साधारण पाच मिनिटांचा तिचा ठोका. पण त्याच्या अगदी गाभ्यात, जिथे हा सगळा उजेड तयार होतो तिथे, एक फार संथ हालचाल असावी असा अंदाज आहे. तासन्‌तास चालणारा एकेक हेलकावा. तो अजून कुणाला खात्रीनं सापडलेला नाही. कारण पृष्ठभागावर येईपर्यंत त्याचं काही उरत नाही. वर्षानुवर्षं मोजत राहावं लागतं, आणि तेवढ्या काळात मोजणारं उपकरणच म्हातारं होतं. त्याचं शून्य सरकतं."

"शून्य कसं सरकंल?" सुंदराबाईंनी विचारलं.

"तुमच्या तराजूचा काटा रिकाम्या पारड्याला जरा इकडे तिकडे होतो की नाही? मग रोज पारडं रिकामं करून बघावं लागतं. तसंच पॅनेलचं. त्याच्यावर पूर्ण अंधार केला की त्याचं शून्य कळतं. देशातल्या हजारो गावांत ते कुणी केलं नाही. त्यांची मोजणी सगळी डगमगते. फक्त तुमच्या गावात, रोज, पॅनेल धुऊन, पुसून, कापडानं झाकून, माणसांनी हात ठेवलेत."

शेटे सावकाश म्हणाले, "पण ताई, रात्री अंधारच असतो की. रात्रीचं शून्य घ्यायचं."

सरांना हाच प्रश्न पडला होता. विचारायचा धीर झाला नव्हता.

"रात्रीचं शून्य थंडगार असतं, काका. आम्हाला हवं ते तापलेल्या पॅनेलचं. ते वेगळं असतं. काम करता करता, भरदुपारी, एका क्षणापुरतं थांबवून घ्यावं लागतं ते. आणि तुमची नैवेद्याची वेळ नेमकी तीच आहे." ती थांबली. चष्मा पुसला. "तुमच्या एका गावाचं शून्य जवळपास पक्कं आहे. बाकीच्या हजारो गावांची शून्यं आता तुमच्यावरून लावता येतील. म्हणजे हा अख्खा देश मिळून एक डोळा होईल. आणि तो डोळा सूर्याच्या गाभ्यात बघेल."

मागून फळवाला कासीम बागवान हळूच म्हणाला, "म्हंजे आमचे अब्बा सूरजची नाडी बघतेत?"

"हो," मृण्मयी म्हणाली. "तुमचे अब्बा, यांच्या सासूबाई, सगळे मिळून."

सुंदराबाईंनी डोळ्याला पदर लावला आणि लगेच तो काढून म्हणाल्या, "बगा सर! आन तुमी म्हनत हुता, डाग पडत्यात."

हशा पिकला. सरही हसले, पण त्यांचे कान तापले होते. इतकी वर्षं आपण जे पुसून टाकायला निघालो होतो, त्यातच हे सगळं दडलेलं होतं.

"एकच अडचण आहे," मृण्मयी पुढे म्हणाली. "या वाचनालयाच्या छपरावरची ओळ सगळ्यांत चांगली. आजूबाजूला झाड नाही, उंच इमारत नाही. गावाचं शून्य तिच्यावरून धरायचं. पण त्या ओळीत मधोमध एक पॅनेल असं आहे, ज्यावर एकदाही कुणी हात ठेवलेला नाही. त्याचं शून्य ठाऊक नाही, आणि एकाच तारेत असल्यानं ते एकटं सगळ्या ओळीला ओढून धरतंय. एकदा, फक्त एकदा त्याचं खरं शून्य मिळालं, की शेजारच्या पॅनेलांच्या रोजच्या नोंदींवरून त्याचीही मागची सगळी वर्षं नीट लावता येतील. त्यावर नाव नाही. कोणाचं आहे ते?"

सर समोरच्या कपाटातल्या पुस्तकांच्या पाठी वाचू लागले.

"उद्या मीच हात ठेवते," मृण्मयी म्हणाली.

"न्हाई, ताई," सुंदराबाई ठामपणे म्हणाल्या. "दुसऱ्याच्या मानसाला हात लावत न्हाईत आमी. ज्याचं मानूस त्यानंच झाकायचं. हे पयल्यापासनं हाय."

लोकांनी माना डोलावल्या. तो नियम कुणी लिहिला नव्हता, पण मोडलाही नव्हता. शेटे भिशीचे अध्यक्ष या नात्यानं म्हणाले, "तसं असेल तर उद्या दुपारपर्यंत वाट बघू. कुणी पुढे आलं नाही तर ते बेवारस समजायचं आणि नंबरासाठी थांबलेल्यांतल्या कुणाला तरी द्यायचं. कासीम, तुझ्या आईचं राहिलंय ना? तिचं नाव लागेल. चालेल ना, सर?"

सगळे सरांकडे बघत होते. तांत्रिक बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा.

सरांनी तोंड उघडलं. "नियमाप्रमाणे…" ते म्हणाले. "नियमाप्रमाणे चालेल."

*

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मृण्मयी वाचनालयाच्या छपरावर तारा जोडत बसली होती. ऊन चढत गेलं. सर घरी खुर्चीत बसले होते. समोर चहा, त्यावर साय.

आपण हो म्हणालो. म्हणजे थोड्या वेळानं प्रमिलेच्या जागी कासीमची आई. बिचारी भली बाई होती. मुलांना खाऊ म्हणून केळी द्यायची. तिच्याबद्दल तक्रार नव्हती. पण प्रमिला पुन्हा कुठेच नसणार. नाव नव्हतं तोपर्यंत ती तिथे होती, हे फक्त आपल्याला ठाऊक होतं. आणि आपण तिला सावलीसुद्धा लागू दिली नाही. कशाला? हात ठेवला असता तर काय झालं असतं?

काय झालं असतं ते त्यांना ठाऊक होतं. हात ठेवला असता तर ती गेली, हे खरं झालं असतं. तोवर ते नुसते सूर्याशी भांडत होते, आणि भांडण चालू आहे तोवर माणसाला रडावं लागत नाही.

ते उठले. छत्री घ्यायला विसरले.

वाचनालयात शिरल्यावर त्यांनी देवघेवीच्या टेबलावरची पुस्तकं एका बाजूला ठेवली, हिरवं कापड उचललं, त्याची नीट घडी केली आणि ते काखेत धरून लोखंडी जिना चढू लागले. वर मृण्मयी, शेटे, सुंदराबाई होत्या. कासीम हातात पाण्याची कळशी आणि नवीकोरी ओढणी घेऊन उभा होता. आईसाठी आणलेली असावी.

"कासीम," सर म्हणाले. "जरा थांब, बाबा."

सगळे वळले.

"हे… बेवारस नाही. माझं आहे. म्हणजे, तिचं आहे."

कासीमला आधी कळलं. त्यानं कळशी सरांच्या पुढे केली आणि मागे सरला. "मुळेबाईंचं हाय? मग आमची अम्मी थांबंल, सर. बाईंनी तिला नेहमी पहिल्या खुर्चीवर बसवलं हुतं."

मृण्मयी बापाकडे बघत होती, जणू त्यांना पहिल्यांदाच बघत होती. सर तिच्याकडे न बघता वाकले. कळशीतलं पाणी काचेवर ओतलं. ते चरचरलं. इतक्या वर्षांची धूळ यंत्राच्या ब्रशाला निघाली नव्हती. ती कडेकडेनं गढूळ होऊन वाहू लागली. ते हातानं पुसत गेले. काच चटके देत होती. वरच्या कोपऱ्यात ती टिकली होती. तिच्यावरून बोट फिरवताना सर थबकले.

"तू विचारलं होतंस," ते खाली मान घालूनच म्हणाले. "मी म्हणालो, नावानं वीज तयार होत नाही. ते खरं आहे गं. तरी मी लावलं होतं. तुला सांगायचं राहून गेलं. रोज वाटायचं, रविवारी सांगू."

"बाबा," ती त्यांच्याशेजारी गुडघ्यांवर बसली, "किती वर्षं तुम्ही मला पावसाबद्दल सांगत होता!"

मग दोघांनी मिळून हिरवं कापड उलगडलं आणि पॅनेलवर पसरलं. ते बेतानं पुरलं. शाईचे डाग एका कडेला आले. सरांनी त्यावर दोन्ही हात ठेवले. मृण्मयीनं आपले हात त्यांच्या हातांवर ठेवले. डोक्यावर तोच सूर्य होता, त्या दुपारचा. खालून, कापडातून, त्याची ऊब तळव्यांना लागत होती. सरांच्या नाकाच्या शेंड्यावरून एक थेंब कापडावर पडला आणि तो घामाचाच आहे असं म्हणायला कुणाची हरकत नव्हती.

"आलं," मृण्मयी पुटपुटली. तिची नजर बाजूच्या पडद्यावर होती. "शून्य आलं."

पडद्यावर एक रेघ होती. इतका वेळ ती पिसाळल्यासारखी वरखाली होत होती. ती हळूहळू निवली. मागची वर्षं एकेक करून तिच्यात बसत गेली, विखुरलेली पानं कुणी जुळवून हातावर ठोकून सरळ करावीत तशी. मग दुसरं गाव जुळलं. मग दहा. मग देशाच्या नकाशावर गावांमागून गावं हिरवी होत गेली, पार समुद्रापर्यंत. आणि त्या सगळ्यांच्या मधून, धुक्यातून डोंगराची कड दिसावी तशी, एक संथ, रुंद, मोठ्या थोरल्या श्वासासारखी लाट वर आली, आणि खाली गेली, आणि पुन्हा वर आली.

मृण्मयीनं हात तोंडावर दाबला.

"ही… ती?" सरांनी विचारलं.

"अजून खूप तपासायचंय. महिने जातील. पण हो, बाबा. मला वाटतं, ती." तिनं एक कळ दाबली. "कानाला ऐकू यावं म्हणून वेग खूप वाढवलाय."

आवाज आला. आधी तो ऐकूच येत नाही असं वाटलं, छातीला जाणवला. खोल, गोल, न तुटणारा एक हुंकार. त्याच्या अंगावर असंख्य बारीक किणकिण, आणि सगळ्याच्या तळाशी तो हेलकावा. सुंदराबाईंनी नकळत डोक्यावरून पदर घेतला. शेटेंनी पायातल्या चपला काढल्या, आणि तापलेल्या गच्चीचा चटका त्यांना बहुतेक कळलाही नाही.

सरांनी वर्गात कितीदा सांगितलं होतं की सूर्याच्या गाभ्यातून निघालेला उजेड बाहेर यायलाच लाख-लाख वर्षं धडपडत असतो. आज हाताखाली आहे ती ऊब तिथून निघाली तेव्हा माणसाला पेरणंसुद्धा माहीत नव्हतं. नाव ठेवणं माहीत होतं का, कोण जाणे. ज्याच्याशी आपण आठ वर्षं हट्टानं भांडत होतो त्याला आपण दिसलोच नव्हतो. तो कुणावर रागावला नव्हता, त्यानं कुणाला नेलं नव्हतं. तो नुसता आपल्या जागी वाजत होता. आणि तरी त्याचं हे ऐकू यायला काय लागलं? एवढुशा गावातल्या माणसांनी आपल्या गेलेल्या माणसांना रोज क्षणभर पांघरूण घातलं, तेवढं.

सरांना वाटलं, आपण फार लहान आहोत. आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना त्यात कमीपणा वाटला नाही.

"काढा आता कापड," मृण्मयी म्हणाली. "आईला श्वास घेऊ दे."

त्यांनी कापड काढलं. मोबाइलवरचा काळा ठिपका हिरवा झाला. खाली वाचनालयात एक पंखा किंचित जोरात फिरल्याचा भास झाला. ठिपक्याखालची चौकट अजून रिकामीच होती. मृण्मयीनं मोबाइल वडिलांच्या हातात दिला. सरांनी एकेक अक्षर दाबून नाव लिहिलं: प्रमिला. त्याच्या मागे कै. लावायला ते विसरले, आणि कुणी आठवणही करून दिली नाही.

कासीम कळशी घेऊन जिन्याकडे वळला. सुंदराबाई त्याला म्हणाल्या, "चल रं, अम्मीचं बी बगू. माज्या खानावळीवर जागा हाय." उतरताना त्यांनी जिन्याच्या तोंडाशी लावलेली सूचनेची पाटी उपटली आणि सरांना विचारलं, "ही न्हेऊ का? चुलीफुडं पाटासारकी बसायला चांगली हाय."

"न्या," सर म्हणाले.

बापलेक दोघंच राहिले. मृण्मयी तारा गुंडाळत होती. सर कापडाची घडी घालत होते; चार पदरी, काठाला काठ, प्रमिलाबाई घालायच्या तशी.

"हे आता रोज लागेल, बाबा," ती म्हणाली. "शून्य रोज सरकतं."

"हो," सर म्हणाले. "मला वाटलंच होतं."

त्यांनी घडी छातीशी धरली, आणि पॅनेलच्या अगदी जवळून, त्यावर आपली सावली पाडत, ते जिन्याकडे निघाले.